गळ्यातला पट्टा

मराठीत 'पट्टा' या शब्दाचा संसार मोठा आहे. कमरेचा पट्टा, मर्दानी खेळातला दांडपट्टा, कचेरीच्या दारातला पट्टेवाला आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. पट्टेवाल्याचा पट्टा ही देहाची शोभा नव्हती. तो कोणाचा माणूस, हे सांगणारी ती खूण होती.

शहरांतल्या पाळीव कुत्र्यांचा आजचा थाट पाहताना हा अर्थ मला वारंवार आठवतो. दिवाळीला धन्याच्या कुर्त्याच्याच कापडाचा अंगरखा, गळ्यात बो, पावसाळ्यात टोपीचा रेनकोट. रेनकोटाला निदान प्रयोजन आहे. अंगरख्याचे काय? कुत्रा धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. घाम येतो तो जेमतेम पंजांना. अशा प्राण्याला उकाड्यात जरीचे कापड चढवले, की शृंगार धन्याचा होतो आणि सोसणे कुत्र्याचे.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या लीड्स कॅसलमध्ये कुत्र्यांच्या गळपट्ट्यांचा संग्रह आहे. त्यातले काही जुने पट्टे लोखंडी, अणकुचीदार काट्यांचे. शिकारीत लांडग्याने वा रानडुकराने नरडे धरू नये म्हणून घडवलेले. पुढे चामडे, मखमल आणि चांदी आली. हिमालयातले मेंढपाळ मात्र बिबट्याच्या भयाने आपल्या कुत्र्यांना काटेरी पट्टा आजही बांधतात. जिथे जीव धोक्यात असतो, तिथे अलंकार उपयोगाला सोडून जात नाही.

शहरातही जीव धोक्यात असतो. तो बिनपट्ट्याच्या कुत्र्याचा. 1832 साली मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला. बेवारशी कोण, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. त्याच मुंबईत 2023 साली विमानतळाबाहेरच्या काही भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले अडकवण्यात आले. फोन धरला, की त्या कुत्र्याचे नाव आणि लसीकरणाची माहिती दिसावी, ही त्यामागची कल्पना. ही वेशभूषा मला कोणत्याही जरीपेक्षा देखणी वाटते.

आमच्या गल्लीतल्या पिवळ्या कुत्रीला गेल्या वर्षी मी रात्री वाहनांच्या उजेडात चमकणारा पट्टा बांधला. तेव्हापासून शेजारी विचारतात, "तुमचीच ना ही?" ती आजारी पडली, कोणावर भुंकली, तर बोलावणे मलाच येते. तिच्या रेबीजच्या लशीचा कागद आता माझ्या कपाटात असतो.