तपासणी नेमकी कुठे हवी?

शाळाखात्यात सहीवाचून पान हलत नाही. खडूच्या पेटीला सही, दहावीच्या गुणयादीलाही सही. शाई तीच, पण खडू कमी पडले तर फळा कोरा राहतो, गुण चुकले तर पोराचे वर्ष जाते. हा फरक सहीला कळत नाही, सही करणाऱ्याला कळावा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी गोव्यातील एका औषध कारखान्यात संगणकप्रणालींचे ‘व्हॅलिडेशन’ करतो. प्रणाली नेमून दिलेले काम बिनचूक करते, याचा लेखी पुरावा उभा करायचा. “एवढ्या कागदांनी साधते काय?” मी विचारले. तो म्हणाला, “सर, एकदा थेराक-२५ची हकीकत वाचा.”

वाचली आणि सुन्न झालो. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे कॅनडाचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. आधीच्या थेराक-२० यंत्रात घातक झोत अडवणारी स्वतंत्र कुलपे होती. नव्यात ती काढून सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला. आणि धोक्यांचा हिशेब मांडताना सॉफ्टवेअरमधील चूकच वगळली! कागद होते, हिशेब होता. नजर मात्र हवी तिथे नव्हती.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांतील सॉफ्टवेअरसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिचे सार साधे आहे : जे बिघडल्यास रुग्णाच्या जिवाशी गाठ पडेल, तिथे कसून तपासा, बाकीच्या ठिकाणी बेताचे कागद पुरेत. ही कामचुकारांना सवलत नव्हे, वाचकहो. वाचलेला वेळ जोखमीच्या जागी खर्चायचा आहे.

तो कसा खर्चावा, हे टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयाने १९८६ सालीच दाखवले. तिथे पहिला अपघात झाला तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांना दोष सापडला नाही. महिन्याभरात दुसरा अपघात झाला. मग तिथले भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणाऱ्या बाई स्वतः यंत्रापुढे बसले. चुकीचे अक्षर टंकून ते झटपट दुरुस्त करायचे, हा क्रम पुनःपुन्हा करीत राहिले. अखेर दोष उघडा पडला : दुरुस्ती पडद्यावर दिसे, यंत्राच्या पोटात पुरती पोचत नसे. त्या दोघांना कुठल्या रकान्यात खूण करायची नव्हती. पुढचा रुग्ण वाचवायचा होता.