चार खिळ्यांवरची बाई

आमच्या धानोऱ्याच्या भाड्याच्या घरात सगळ्यात शिस्तीचं कोण असेल, तर ती मच्छरदाणी. निळी, लांबट चौकोनी, आरोग्य विभागाकडून फुकट आलेली. तिची एक नाडी खिडकीच्या गजाला, दुसरी कॅलेंडरच्या खिळ्याला, तिसरी कपाटाच्या कडीला. चौथी पुरत नाही, म्हणून तिला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा जोडून दाराच्या कोयंड्याला बांधलेली. चारही टोकं वेगवेगळ्या उंचीवर, त्यामुळे तिचं छत एका बाजूने कायम पोटात आलेलं. मुलाचे बाबा चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत आहेत. सुट्टीला घरी आले की त्यांचं डोकं पहिल्यांदा तिलाच लागतं. ते चिडतात. ती जराशी हलते आणि होती तशी लटकते. भांडण तिच्याकडून कधी वाढत नाही.

फुकट आली म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. तिच्या धाग्यातच औषध आहे. डास येऊन टेकला की पायांतून ते त्याला भिनतं आणि तो खाली पडतो. बाजारातल्या साध्या मच्छरदाणीला भोक पडलं की तिचा कारभार संपला. हिला भोक असलं तरी तिथवर पोचायच्या आत डासाचे पाय धाग्याला लागलेले असतात. या गुणांच्या बदल्यात तिची मागणी फार नाही. नवी आली की एक दिवस सावलीत पसरून ठेवा, मग लावा. वरचेवर धुऊ नका, साधारण वीस धुण्यांपर्यंत औषध टिकतं. तीनेक वर्षं चालेन. आणि उन्हात वाळत घालू नका. मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसला टेकलेला असताना, सावली शोधून वाळवायला लावणारी तिच्याशिवाय दुसरी कोणी आमच्याकडे नाही.

तिची खरी अट मात्र पुढेच आहे. तिला खोचावं लागतं. चारही बाजूंनी, गादीखाली, आतून. म्हणजे हे काम जो शेवटी आत शिरेल त्याचं. आमच्याकडे शेवटी आत शिरणारं माणूस ठरलेलं आहे. गॅस बंद आहे का ते बघणारं, दूध झाकणारं, डब्याची भाजी निवडून ठेवणारं, मोटारसायकलला कुलूप लागलंय का ते दोनदा तपासणारं. आणि रात्री पहिल्यांदा बाहेर पडणारंही तेच.

कारण पोराला सिकलसेल आहे. तान्हा असताना हातापायाची बोटं सुजली. आम्ही नजर काढली, तेल लावलं, मग तपासणी केली. रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग जे दुखणं उठतं त्याला नाव ठेवायला पोराकडे शब्द नसतात. तो नुसता पाय धरून बसतो. थंडी लागू द्यायची नाही, ताप येऊ द्यायचा नाही, पाणी भरपूर पाजायचं. हे पाणीच रात्रीच्या मुळाशी आहे. या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे मूल रात्रीतून पुन्हा पुन्हा उठतं. उठलं नाही तर अंथरूण ओलं.

तर एक बाजू उचलायची, पोराला बाहेर काढायचं, बाजू झटकन सोडायची. जरा वेळ उघडी राहिली की दोन डास आत गेलेच म्हणून समजा. मोरीपर्यंत न्यायचं, परत आणायचं, पेलाभर पाणी द्यायचं, म्हणजे पुढच्या फेरीची तरतूद झाली. त्याला आत ढकलायचं, आपण शिरायचं आणि अंधारात गुडघ्यांवर सरकत सगळा काठ पुन्हा गादीखाली. तोवर तो गाढ झोपलेला असतो, आणि मला खोचता खोचता पुरती जाग आलेली असते.

आरोग्य विभागाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, मच्छरदाणीत झोपा. ती उचलायला, सोडायला, खोचायला कोणीतरी जागं लागतं, एवढं लिहायला त्या भिंतीवर जागा उरत नसावी. ती फुकट मिळते हे खरं. तिचं भाडं रोज रात्री थोडं थोडं द्यावं लागतं, आणि ते देणारं माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेवर हजर असतं. माझी शाळा मुरूमगाव रस्त्याला आतल्या अंगाला आहे. फळ्यावर तारीख लिहिताना हात थांबतो, आज काय वार? पोरं एका सुरात सांगतात. त्यांना वाटतं, बाई परीक्षा घेताहेत.

झोप येत नाही म्हणून एका डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, "येत नाही, की येऊ देत नाहीत?" मी म्हटलं, दोन्ही. आधी येऊ देत नाहीत, मग तीच सवय पडते आणि मोकळ्या रात्रीही येत नाही. पोर मामाकडे गेलेलं असलं तरी दोनच्या सुमाराला माझा हात आपोआप काठाकडे जातो. शेजारच्या काकूंनी जायफळ घातलेलं दूध सांगितलं, मुख्याध्यापकांनी मोबाइल लांब ठेवायला सांगितलं. मोबाइल लांब ठेवून शाळेची ऑनलाइन माहिती कशी भरायची, ते त्यांनी सांगितलं नाही. रेंज नीट येते ती रात्री अकराच्या पुढे. मग मच्छरदाणीच्या आत मांडी घालून, फोनचा उजेड पांघरुणाखाली कोंडून, पोषण आहाराची माहिती भरते. बाहेरून धाग्याला डास धडकत असतात. ती उभी असते मधे, काही न बोलता. तेवढ्या वेळात ती मला आवडते.

आणि एखाद्या रात्री एक आतच राहून जातो. औषध आता पातळ झालेलं, तो काही लवकर पडत नाही. कानाशी येतो, थांबतो, पुन्हा येतो. उजेड केला की वरच्या लोंबत्या भागात गप्प बसलेला. हिवतापाचा डास ओळखायचा तो बसण्यावरून: डोकं खाली, शेपूट वर, अंग तिरपं. इतकं निरखून पाहायला रात्रीचे तीन वाजलेले असावे लागतात. टाळी वाजवून मारावा तर पोर उठेल. म्हणून दोन बोटांनी, जाळीसकट. कधी साधतं. साधलं की बोटावर रक्ताचा ठिपका. कोणाचं असेल याचा विचार मी बराच वेळ करते.

तो विचार उगाच नाही. पोराला हा आजार आमच्या दोघांकडून आला. आम्ही दोघेही वाहक, म्हणजे एकेक सदोष जनुक असलेले, आणि त्याच्यात दोन्ही एकत्र आले. लग्न ठरताना पाहुण्यांनी शेती विचारली, नोकरी विचारली, मामेकुळापर्यंत जाऊन आले. रक्त कोणी विचारलं नाही. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत काम करून दाखवलं की, एकच जनुक असलेल्याला जिवावरच्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला, तिथेच हे जनुकही टिकून राहिलं. आमचा जिल्हा तर दोन तृतीयांशाहून जास्त जंगल, ओढे, नाले आणि धानाच्या बांध्या. थोडक्यात, मला आणि त्याच्या बाबांना जंगलाने एकेक ढाल दिली आणि तीच पोराच्या अंगावर उलटली. त्याला हिवताप झाला तर तो आमच्यापेक्षा कितीतरी पटींनी जड जाणार. जी कमी घाबरू शकते ती मी आणि ज्याने सर्वांत जास्त जपायचं तो माझा मुलगा, असे दोघे एकाच जाळीत झोपतो.

गडचिरोलीहून धानोऱ्याला येताना चातगावजवळ डॉ. राणी आणि अभय बंग यांचं शोधग्राम लागतं. त्यांनी १९८६ मध्ये या जिल्ह्यात काम सुरू केलं, तेव्हाच्या त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेलही होता. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, मुदत २०४७ ची. तोवर आमचं पोर स्वतःची मच्छरदाणी स्वतः खोचत असेल.

सासूबाईंचं आणि मच्छरदाणीचं सुरुवातीपासून पटलं नाही. "मले नोको बाई ते. माहा जीव घाबरते त्यात." त्या ओसरीत खाटेवर, मोकळ्या हवेत. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पंख्याचा वारा जाळीतून येता येता निम्मा होतो, आणि वैशाखात आत झोपणं ही शिक्षाच. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की त्याच सासूबाई शाल गुंडाळून रात्रभर मांडवात बसतात. "तिथे नाही का चावत डास?" विचारलं तर म्हणाल्या, "नाटकात मच्छर समजते कोठी?"

मागच्या पावसाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप भरला. तीन चादरी, वर पोराचं स्वेटर पायांवर, तरी दातावर दात. आशाताई आल्या. बोट टोचलं, पट्टीवर थेंब टाकला, आणि आम्ही सगळे पंधरा-वीस मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसलो. रेघ उमटली. "पीएफ निघाला," ताई म्हणाल्या. मेंदूत जाऊ शकतो तो हा हिवताप. पहिल्या गोळ्या त्यांनी समोर बसून गिळायला लावल्या आणि पुढच्यांचा हिशेब माझ्याकडे दिला. त्या रात्री सासूबाईंची काही कुरकुर नव्हती. मीच त्यांना उचलून आत घेतलं. रुग्णाला जाळीत ठेवायचं ते त्याच्यासाठी आणि घरातल्या इतरांसाठीही, कारण त्याला चावलेला डासच हे दुखणं पुढे नेतो.

आता ही बाई दोन माणसांच्या मापाची. मधे पोर, भिंतीकडे सासूबाई, आणि काठाला मी, कोपर जाळीला टेकलेलं. डासाला एवढं पुरतं. जाळीला लागलेल्या कातडीत तो बाहेरून सोंड घालतो. सकाळी कोपरावर टिपक्यांची रांग. त्या रात्रींत एका हाताने सासूबाईंचं कपाळ बघायचं, दुसऱ्याने पोराचं, आणि दोन्हींत फरक लागत नसला की स्वतःचं. मधेच सासूबाई उठायच्या, काठ ओढून बाहेर पाय टाकायच्या आणि जाळी तशीच अंगावर घेऊन चार पावलं जायच्या. चौथी नाडी, ओढणीची, तेव्हाच तुटली.

पोराच्या बाबांची कथा आणखी वेगळी. रात्रपाळी करून दिवसा खोलीवर झोपतात, उघड्यावर. त्यांना वाटतं डास रात्रीचे. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, हे फोनवर सांगून माझा घसा कोरडा झाला. आणि हत्तीरोगाचे जंतू रक्तात वर येतात ते रात्री, म्हणून त्याचा नमुना घेणारे कर्मचारी ऐन जेवणानंतर दारात उभे. आमच्या भागात झोप मोडायला निमित्तांची वाण नाही.

माझ्या शाळेच्या गावात तर मच्छरदाणीला घरीच सोडून जावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे गळतो, बाया पोरांना घेऊन उजाडायच्या आधी झाडाखाली. मे महिन्यात तेंदूपाने. धान उभं असलं की शेतात राखण. जंगलात चार खिळे कुठून आणायचे? त्या दिवसांत पोरं वर्गात बसल्या बसल्या पेंगतात. मी उठवत नाही. दुसऱ्याची झोप मोडायचं काम मी घरी भरपूर करते.

शहरातले पाहुणे आले की एक तक्रार हमखास करतात: या लोकांना मच्छरदाण्या द्या, हे त्याने मासे धरतात. धरतात काही जण, आणि औषधाची जाळी पाण्यात घालणं वाईटच, त्यात शंका नाही. पण हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या दलदलीतल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की, ते दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडत तेच रात्री अंथरुणाभोवती लावून झोपत. म्हणजे उलट्या दिशेने हीच गोष्ट. ते वाचून मात्र लोक त्यांना हुशार म्हणतात.

यंदा नव्या मच्छरदाण्या आल्या. ताईंनी वहीवर सह्या घेतल्या, सावलीत पसरायची, धुवायची, सगळी माहिती पुन्हा सांगितली. जुनीवरून लगेच वाद. शेजारच्या काकूंना ती कोंबडीच्या पिल्लांवर टाकायला हवी, पोराला बोडीत मासे धरायला. ताईंनी डोळे वटारले, "पाण्यात अजिबात नाही." मी ती कापून खिडकीला ठोकायची ठरवली.

सासूबाई तोवर नवीची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हे माही," त्या म्हणाल्या. "मी येकटी खाटेवर झोपीन. तुमच्यात पोट्ट्याच्या लाता लागते."

"जीव घाबरतो ना आत?"

"थे तवा. आता सवय झाली." घडी त्यांनी माझ्या हातात दिली. "फक्त लावून देत जा, अन् चारी अंगानं खोचून. माहे गुडघे वाकत नाही."