मुठेच्या खालच्या अंगाला

मुलांनो, खडकवासल्याला तुम्ही कधी ना कधी आला असालच. रविवारी आमच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. भाजल्या कणसांचा धूर, गरमागरम भजी, मागं सिंहगड आणि समोर पाणीच पाणी! धरण जुनं, इंग्रजांच्या काळातलं. 12 जुलै 1961 ला वरचं पानशेत फुटलं, तो लोंढा याला सोसला नाही आणि पुण्यात हाहाकार झाला. ती गोष्ट आजी-आजोबांकडूनच ऐका. आज आपल्याला धरणाखालच्या मुठेबरोबर पुढं जायचंय.

विठ्ठलवाडी, लकडी पूल करत मुठा संगमावर मुळेला भेटते. मग दोघी मिळून बंडगार्डनपाशी येतात. तिथला पूल ओलांडला की आलं येरवडा!

हसलात ना? 'येरवडा' म्हटलं की माझ्या वर्गातही खसखस पिकते. एनडीएच्या फाटकातून आत जायचं स्वप्न आमच्याकडची निम्मी मुलं बघतात. येरवड्याच्या फाटकाचं स्वप्न कोण बघणार? पण त्या फाटकाआडसुद्धा माणसंच राहतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना तुमच्याएवढी मुलं आहेत.

येरवड्याचा तुरुंग 1871 सालचा. गांधीजी इथं एकदा नाही, अनेकदा होते. 24 सप्टेंबर 1932 ला डॉ. आंबेडकर आणि इतर पुढाऱ्यांमध्ये पुणे करार झाला तो इथंच. पेटीत मिटून ठेवता येणारा, प्रवासात नेता येणारा छोटा चरखा पाहिलाय का? त्याला 'येरवडा चक्र' म्हणतात. तुरुंगातही गांधीजींचे हात रिकामे नसत, त्यातून तो घडला.

हात रिकामे ठेवायचे नाहीत, हे सूत्र तिथं आजही आहे. आत सुतारकाम चालतं, माग चालतात, शिवणकाम होतं. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी टेबल-खुर्च्या कैद्यांनी केलेल्या असतात, ठाऊक आहे? कामाची मजुरी मिळते, कुशल कामगाराला जास्त, नवख्याला कमी. ती घरी पाठवता येते. 1 मे 2022 ला राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, जामीनदार नको. फेड मजुरीतून. मुलांची फी भरायला, घरच्यांच्या दवापाण्याला ते पैसे उपयोगी पडतात. बँकेनं कैद्यावर विश्वास टाकला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सगळं छान छान आहे असं मात्र समजू नका हं. आपल्याकडचे बरेच तुरुंग खचाखच भरलेले असतात, येरवडाही त्यातलाच. त्यातही गंमत, म्हणजे गंमत कसली, दुःखाचीच गोष्ट ती! तुरुंगात दोन तऱ्हेचे कैदी असतात, पक्के आणि कच्चे. पक्का म्हणजे ज्याचा गुन्हा कोर्टात शाबीत झाला तो. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो. देशभरात दर चार कैद्यांत साधारण तीन कच्चे असतात. गुन्हा केला की नाही हे ठरायच्या आधीच कित्येकांची वर्षं आत जातात. जामीन मिळाला तरी भरायला पैसे नाहीत, म्हणूनही काही अडकून पडतात.

आणि बिनभिंतीचा तुरुंग असतो, हे सांगितलं तर पटेल? आपल्याच महाराष्ट्रात आहे! 1939 च्या सुमारास औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या खटपटीनं आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण ना बेड्या ना उंच तट. शेती करायची आणि बायकामुलांसकट राहायचं. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला, कथा गदिमांची. आई-बाबांबरोबर बसून जरूर बघा. येरवड्यालाही खुलं कारागृह आहे. चांगलं वागून बरीच शिक्षा भोगलेले कैदी तिथं शेतीत राबतात.

नेहमीच्या तुरुंगात मात्र भेटीला गेलेल्या पोराला बाबा दिसतात ते काचेच्या किंवा जाळीच्या पलीकडे. बोलायचं ते बहुधा फोनवरून. म्हणून काही तुरुंगांनी 'गळाभेट' सुरू केली. त्या दिवशी मधे काच नाही, जाळी नाही. बाबांच्या मांडीवर बसायचं, हवा तो हट्ट करायचा.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, कारण मैदानावर एका मुलाला बाकीची पोरं "चोराचा!" म्हणून चिडवत होती. तो रडला नाही, काही बोललाही नाही, नुसता खेळातून बाजूला होऊन पायरीवर बसला. चोरी वडिलांनी केली की नाही हे कोर्ट ठरवेल. पण मुलानं काय केलं होतं?

माझं सांगून संपलं तेव्हा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, त्या बाबांना पालकसभेला सोडतात का हो?"

पक्क्या कैद्याला वर्षातून काही दिवस संचित रजा मिळू शकते, मी म्हटलं, पण अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, तारीख आपल्या हातात नसते. तिनं थोडा विचार केला. "मग आपणच सभा त्यांच्या रजेत ठेवू या ना!"

मुख्याध्यापकांना अजून विचारायचंय.