कुणाच्या पेशी

१९६६ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात यान पोंटेन यांनी एका स्त्रीच्या मेंदूतून काढलेल्या गाठीच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या पेशींना नाव मिळालं यू-८७. ती गाठ होती ग्लायोब्लास्टोमाची. ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा आणि अतिशय निष्ठुर. त्याच्या पेशी शरीराबाहेर जगताहेत, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. पुढे त्या अमेरिकेतल्या पेशीपेढीत गेल्या, तिथून जगभर वाटल्या गेल्या, आणि कितीतरी औषधांची पहिली परीक्षा त्यांच्यावरच होत राहिली. मग २०१६ मध्ये उप्सालातल्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ गाठीचा डीएनए आणि पेढीतून येणाऱ्या पेशींचा डीएनए ताडून पाहिला. जुळेना. जग ज्या पेशी वापरत होतं त्या मेंदूच्या गाठीच्याच असाव्यात, पण त्या बाईंच्या नव्हत्या. कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नाही.

या घरातून त्या घरात जाणारं विरजण मुळात कुठून आलं, हे दहा घरं फिरल्यावर कोण सांगणार? दह्याचं त्यानं काही अडत नाही. औषधाचं अडतं. मला या हकिकतीत भांड्यावरच्या एका चुकीच्या चिठ्ठीपेक्षा मोठं काहीतरी दिसतं. पेशी माणसापासून तुटल्या की त्यांच्याबद्दलचं ज्ञानही हळूहळू सैल होत जातं. चिठ्ठी बरोबर असली, तरीही. वासराच्या रक्तातल्या सीरमवर, भांड्याच्या तळाला चिकटून वर्षानुवर्षं वाढणाऱ्या पेशींत ज्या भराभर वाढतात त्याच टिकतात. बाकीच्या मागे पडतात. शेवटी हाती उरतात त्या भांड्यात राहायला शिकलेल्या पेशी. २००६ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड फाइन यांच्या गटानं दाखवलं की सीरम टाळून, मोजकी वाढद्रव्यं घालून जोपासलेल्या पेशी रुग्णाच्या मूळ गाठीशी कितीतरी जास्त इमान राखतात.

हे सगळं मी वाचायला लागलो ते मामींच्या एका प्रश्नामुळे. मामांच्या मेंदूतली गाठ काढली, आणि अहवालात ग्लायोब्लास्टोमा हेच नाव आलं. शस्त्रक्रियेपूर्वी मामींनी बऱ्याच कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यांपैकी एकावर, काढलेल्या ऊतींचा काही भाग संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो, असं लिहिलेलं होतं. मामा गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला विचारलं, ''काढलेलं ते कुठे ठेवतात रे? टाकून तर नाही ना देत?'' त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या माणसाचा एक भाग कुठेतरी असेल, तर तो कुठे आहे हे त्यांना हवं होतं, इतकंच.

अशा तुकड्यांचं काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्या खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात मिळतं. ग्लायोब्लास्टोमा शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर जवळजवळ नेहमीच परत येतो. पण उपचारातून वाचलेल्या ज्या पेशी त्याला परत आणतात, त्या रुग्णाच्या डोक्यातून मिळवता येत नाहीत. म्हणून शिल्पी दत्त यांच्या गटानं पाच रुग्णांच्या गाठींतून आणि दोन जुन्या पेशीवंशांतून ते परत येणंच प्रयोगशाळेत घडवलं. पेशींना मारक मात्रेचे किरण दिले. बहुतेक मेल्या. ज्या मुळातच चिवट होत्या, त्या तगल्या आणि एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी झाल्या. काही काळ त्या म्हातारपण आल्यासारख्या निपचित राहिल्या. मग पुन्हा विभागू लागल्या, आणि त्यांच्यातून एका केंद्रकाच्या पेशींची नवी पिढी निघाली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते वाचताना मला मामांचे ते मधले बरे महिने आठवले. स्कॅन स्वच्छ, भूक परत आलेली, संध्याकाळी कट्ट्यावर जाणं सुरू. आत काय चाललं असेल, याची मला पहिल्यांदा थोडीशी कल्पना आली. कल्पना येणं सुखाचं नव्हतं, तरी न कळण्यापेक्षा ते बरं होतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गुओ-ली मिंग आणि हाँगजुन साँग यांनी गाठ पेशी-पेशी करून मोकळी करणंच सोडून दिलं. शस्त्रक्रियागृहातून आलेल्या ऊतीचे सुमारे मिलिमीटरभराचे तुकडे करायचे आणि ते पोषक द्रवात सतत हलते ठेवायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत तुकडे गोलसर होतात, वाढू लागतात. गाठीतल्या वेगवेगळ्या स्वभावांच्या पेशी, त्यांचा शेजार, काही काळ रक्तवाहिन्यांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीसुद्धा त्यांत टिकतात. हा आठवड्या-दोन आठवड्यांचा हिशेब महत्त्वाचा, कारण रुग्णापाशी वेळ नसतो. पुढे याच विद्यापीठात कार-टी उपचाराच्या, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) गाठ ओळखायला शिकवण्याच्या, चाचणीतल्या सहा रुग्णांना ज्या टी-पेशी दिल्या, त्याच त्यांच्या स्वतःच्या गाठीपासून वाढवलेल्या गोळ्यांनाही दिल्या गेल्या. माणूस आणि त्याची गाठ, दोघांची नोंद एकाच वेळी. माणसापासून न तुटलेली पेशी म्हणजे काय, हे मला इथे दिसलं.

मुलांच्या बाबतीत मात्र हा मार्ग फार काळ बंदच होता. डीआयपीजी ही गाठ मेंदूच्या देठात, श्वास आणि गिळणं सांभाळणाऱ्या जागी, निरोगी ऊतींत विरघळल्यासारखी पसरते. ती काढता येत नाही. तपासणीपुरता तुकडा घेणंही अनेक वर्षं धोक्याचं मानलं गेलं. बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत. नील आर्मस्ट्राँग यांची लहानगी मुलगी कॅरन १९६२ मध्ये याच आजारानं गेली. त्यानंतर माणूस चंद्रावर उतरला आणि परतला, पण या गाठीच्या पेशी अभ्यासाला जवळजवळ नाहीतच, ही स्थिती कित्येक दशकं राहिली. स्टॅनफर्डमध्ये मिशेल माँजे यांनी शेवटी मृत्यूनंतरच्या दानाची वाट धरली. पण मेलेल्या शरीरातल्या पेशी थांबत नाहीत. काही तासांत सगळं उरकावं लागतं. म्हणजे मूल गेलं त्याच दिवशी आई-वडिलांनी होकार द्यायचा, किंवा मूल हसत-बोलत असतानाच देऊन ठेवायचा. आई-वडिलांनी तो दिला. २०११ मध्ये त्या पेशींवरचा शोधनिबंध आला. पुढे अशाच पेशींच्या पृष्ठभागावर जीडी२ नावाचा रेणू खच्चून भरलेला आढळला, त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी घडवल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११ पैकी ९ जणांना फायदा दिसला. एका तरुणाची गाठ स्कॅनमधून नाहीशी झाली. बाकीच्यांसाठी लढाई संपलेली नाही, हे खरंच. तरी या आजारात असं काही घडल्याचं वाचायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

मुलांच्या गाठींतून वाढवलेल्या त्या पेशींना एसयू-डीआयपीजी आणि पुढे रोमन आकडा, अशी नावं आहेत. मुलाचं नाव गुप्त ठेवायलाच हवं. पण आकड्याकडून माणसाकडे जाणारी वाट एखाद्या जबाबदार हाती कायम असायला हवी. यू-८७ च्या बाबतीत तीच हरवली. आणि आपल्याकडच्या संमतिपत्रावर, संशोधनाच्या त्या ओळीखाली, मला आणखी एक प्रश्न हवा आहे: या ऊतींपासून पुढे काही कळलं, तर तुम्हाला कळवावं का? मामी 'हो' वर खूण करतील. त्यांची मुलगी बहुधा 'नको' वर करेल. तिला त्या महिन्यांकडे पुन्हा वळायचं नाही. दोन्ही चौकोन छापलेले हवेत.