चौसष्टातला एक

बी.कॉम. झालेल्या माणसाचं जगाला एकाच कामापुरतं कौतुक असतं. त्याला कोणी ‘काय?’ विचारत नाही, ‘का?’ विचारत नाही, ‘किती?’ एवढंच विचारतात. लग्नघरी आहेराची पाकिटं जमली की त्याला कोपऱ्यात बसवतात. गणपतीत सगळे आरत्या म्हणत असतात तेव्हा हा पावतीपुस्तकं मोजत असतो. त्यातून तो बँकेत कारकून असला तर विचारूच नका. पाऊस किती पडेल, शेअर कुठवर चढेल, शेजारच्या मुलीचं यंदा जमण्याचा संभव किती, या सगळ्यांचे आकडे त्याच्या ड्रॉवरमध्ये तयार असतात, असा लोकांचा समज असतो. मी गेली बावीस वर्षं कोल्हापुरात बसून हा समज विनावेतन सांभाळतो आहे.

तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरात भाच्याने अमेरिकेहून फोन करून, “मामा, आमच्या युनिव्हर्सिटीची टीम नॅशनल चॅम्पियन व्हायचे चान्सेस किती रे?” असं विचारलं, याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते टीम फुटबॉलची होती याचं. हा मुलगा कोल्हापुरात वाढला आणि फुटबॉलच्या वाटेला गेला नाही. पेठापेठांच्या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर रंगत असताना हा घरात कॉम्प्युटरपुढे बसलेला असायचा. कोल्हापुरात राहून फुटबॉल टाळणं म्हणजे पंढरपुरात राहून टाळ ऐकू न येण्यासारखंच आहे. पण त्याने तेही साधलं होतं.

तो त्याच ऑगस्टमध्ये व्हरमाँट विद्यापीठात एम.एस. करायला गेला होता. गाव बर्लिंग्टन, वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. अख्खं व्हरमाँट राज्य साडेसहा लाखांचं, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या अमरावती शहराएवढं. फरक इतकाच, की अमरावतीत बर्फ पडत नाही आणि नोव्हेंबरअखेर साडेचारच्या आत सूर्य मावळत नाही. भाच्याला तिथे सगळ्यात जास्त खुपला तो हा सूर्य. “चार वाजता दिवे लावायचे मामा, आणि मग बोलायचं कोणाशी?” असं तो म्हणायचा. दिवाळीत ताईने कंदिलाचा फोटो पाठवला, तर तिकडून उत्तर आलं, “डिसेंबरात येतो. आलो की परत जायचा नाही.”

ताईने फोन करून मला सांगितलं, “तू समजाव त्याला. तुझं ऐकतो तो.”

माझं तो ऐकतो याला पुरावा एवढाच, की तो माझ्याशी वाद घालत नाही. पण मला समजवायला जावंच लागलं असतं, कारण त्याच्या शैक्षणिक कर्जाला जामीन मी होतो. ताईने विश्वासाने आणि बँकेने अविश्वासाने माझी सही घेतली होती.

तर आकडा काढायला बसलो. या स्पर्धेला तिकडे एन.सी.ए.ए. स्पर्धा म्हणतात. १९५९ साली सुरू झाली. पहिल्या विभागात कॉलेजांचे दोनशेच्या वर संघ खेळतात, त्यांतले अट्ठेचाळीस निवडले जातात. पैकी सोळांना मानांकन मिळतं आणि पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळते. उरलेल्या बत्तिसांनी पहिल्या फेरीपासून घाम गाळायचा. बाद पद्धत. हरला की घरी.

व्हरमाँटला मानांकन नव्हतं. म्हणजे लागोपाठ सहा सामने जिंकायला हवेत. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक धरली, तर निम्म्याचं निम्मं असं सहा वेळा करायचं. उत्तर आलं चौसष्टात एक, टक्क्यांत १.५६. मानांकितांना पाचच सामने, म्हणून त्यांना बत्तिसात एक. मग सवयीने तेरीज लावून पाहिली. सोळा मानांकितांचे मिळून अर्धा, बाकी बत्तिसांचे मिळून अर्धा, बेरीज बरोबर एक. टॅली! आयुष्यात काही गोष्टी पहिल्या झटक्यात जुळतात त्या अशा, ज्यांच्यावर आपल्याला पगार मिळत नाही.

पण नाणेफेक ही गरिबाची कल्पना. प्रत्यक्षात खानदान आडवं येतं. सेंट लुईस विद्यापीठाने दहा विजेतेपदं मिळवली, सगळी १९७३ पर्यंतची. तेव्हापासून तो पडझड झालेला सरदारवाडा आहे, तलवारी भिंतीवर आहेत एवढंच. इंडियानाची आठ. व्हर्जिनियाने तर १९९१ ते १९९४ सलग चार वर्षं चषक दुसऱ्याच्या हाती लागू दिला नाही. या मंडळींत व्हरमाँट कुठे? त्यांच्या संघाचं नाव कॅटामाउंट, म्हणजे डोंगरातली मोठी रानमांजर. राज्यातली शेवटची कॅटामाउंट १८८१ साली मारली गेली. ज्याचं बोधचिन्हच शिल्लक नाही, त्याच्यावर पैज कोण लावणार?

आणि हे अट्ठेचाळीस निवडायचे कसे? काही संघ आपापल्या गटाचे विजेते म्हणून थेट येतात, बाकीचे समिती निवडते. त्यासाठी कित्येक वर्षं एक सूत्र वापरलं गेलं. ते वाचून मी खुर्चीतून उठलो. तुमच्या स्वतःच्या विजयांना वजन पंचवीस टक्के. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या विजयांना पन्नास. आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांच्या विजयांना उरलेले पंचवीस. हे तर आमचं कर्जखातं! अर्जदाराची पत चवथाई, जामीनदाराची निम्मी आणि जामीनदाराच्या ओळखीपाळखीची चवथाई. कर्जदार स्वतः कोण आहे याला जगात कुठेच फारसं महत्त्व नाही, हे पाहून जामीनदार म्हणून मला भरून आलं.

भाच्याला आकडा कळवला. तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे होणार नाही, असंच ना?”

“असं मी म्हटलेलं नाही. चौसष्टात एक म्हटलंय.”

“तेच ते.”

“तेच ते नव्हे,” मी म्हटलं. कॅशमध्ये एक रुपया कमी आला, तर ‘तेच ते’ म्हणून कोणी घरी जात नाही. आम्ही दिवे गेले तरी मोबाइलच्या उजेडात तो शोधलेला आहे. एक म्हणजे शून्य नव्हे, एवढं एकच तत्त्वज्ञान बँकेने मला शिकवलं आहे.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये आमच्या शिपायाचं मत घेतलं. पेठेतला माणूस, हयात स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलेली. तो म्हणाला, “साहेब, फुटबॉलला हिशेब लागत न्हाई. पाऊस आला की चिखलात समदी सारखीच.” मला ते अडाणीपणाचं वाटलं नाही. १९६७ ची तिकडची फायनल खराब हवेमुळे गोलशून्य असतानाच थांबवावी लागली होती, आणि सेंट लुईस नि मिशिगन स्टेट, दोघांनाही विजेते म्हणून जाहीर केलं होतं.

मग सामने सुरू झाले. आयोनाला हरवलं. हॉफस्ट्राला हरवलं. भाच्याचा फोन आला, “मामा, आता किती?”

“सोळात एक.”

तिकीट काढलंस का, असं मी विचारलं नाही. सॅन डिएगो गेलं. आठात एक. आता त्याच्या बोलण्यात ‘ते’ जाऊन ‘आपण’ आलं होतं. खोलीतल्या मुलांनी त्याला एका सामन्याला ओढून नेलं होतं, आणि बर्फात उभं राहून ओरडलं की थंडी कमी वाजते, असा शोध त्याला लागला होता. संघातली काही मुलं त्याच्यासारखीच घर सोडून परदेशातून आलेली होती. “त्यांनाही चार वाजता अंधारच पडत असणार की,” तो म्हणाला. हे वाक्य मी ताईला कळवलं. ती बराच वेळ बोलली नाही.

उपान्त्यपूर्व फेरी म्हणजे व्हरमाँटची दुखरी नस. २०२२ साली इथेच सिराक्यूजने त्यांना हरवलं होतं, आणि पुढे चषकही सिराक्यूजनेच नेला होता. या वेळी गाठ पिट्सबर्गशी, तीही त्यांच्या घरी. जिंकले. उपान्त्य सामना डेन्व्हरशी, बरोबरी, मग पेनल्टी. ताईने त्या रात्री देव पाण्यात ठेवले. व्हरमाँट कुठे आहे हे देवांना माहीत असावं. तिकिटाचा विषय निघाला तेव्हा भाचा म्हणाला, “फायनल होऊ दे, मग बघू.” मी मनातल्या मनात कर्जखात्यावरची लाल खूण खोडली.

१६ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी मार्शल विद्यापीठाशी फायनल झाली. आपल्याकडे मंगळवार उजाडला होता. मी एका डोळ्याने मोबाइल आणि दुसऱ्याने दूध बघत होतो. मार्शलने गोल केला. शेवटची दहाएक मिनिटं उरली आणि दूध उतू गेलं, तेवढ्यात मार्सेल पापने बरोबरी केली. जादा वेळेत जर्मनीहून आलेल्या मॅक्सिमिलियन किसेलने चेंडू गोलरक्षकाच्या पुढून काढून रिकाम्या जाळ्यात घातला. २–१. स्कीइंग सोडलं तर या विद्यापीठाचं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ओरडताय काय? ओटा कोण पुसणार?” मी पुसला. त्या दिवशी मी काहीही पुसलं असतं.

माझा हिशेब जसाच्या तसा उभा होता. चौसष्टांतल्या त्रेसष्ट वेळा असं होत नाही. ही उरलेली होती. आकडा आपल्याला एवढंच सांगतो की आशा किती महाग आहे. ती घ्यायची की नाही, हे तो सांगत नाही. भाच्याने ती सहा हप्त्यांत घेतली. पहिला हप्ता भरताना त्याला घरी यायचं होतं. शेवटचा भरला तेव्हा आपण कुठे राहतो हे त्याला समजलं होतं.

जानेवारीत त्याने दुसऱ्या सत्राची फी भरली, म्हणजे कर्जाचा पुढचा भाग उचलला. आपण जामीन असलेलं कर्ज वाढल्याचा आनंद झालेला, बँकिंगच्या इतिहासातला मी बहुधा एकटाच माणूस असेन. ताई पेढे घेऊन आली. पेढा हातावर ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं, “शिकेल ना रे नीट? नोकरी लागून कर्ज फिटायचे चान्सेस किती?”

मी बी.कॉम.ला जागून म्हटलं, “ताई, अगदी वाईटात वाईट धरलं, तरी चौसष्टात एक.”

“एवढे आहेत ना? मग काळजी नाही,” असं म्हणून ती निश्चिंत मनाने चहा टाकायला आत गेली.