मुलीकडून हरला!

आपल्या शाळेच्या खेळघरात पाचवी-सहावीपर्यंत कॅरम आणि बुद्धिबळाच्या पटांभोवती मुली-मुले सारखीच गर्दी करून बसलेली दिसतात. आठवीनंतर मुली दिसेनाशा होतात. पालकांना विचारले की उत्तर ठरलेले, "अभ्यास वाढला ना, मॅडम!" अभ्यास तर मुलांचाही वाढतो. म्हणून ह्या सत्रात मी मुलींनाच विचारायचे ठरवले, आणि एकेकीशी निवांत बोलले.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकायला लहान वाटतील. ती खेळायला बसली की मागे तीन-चार जण उभे राहतात आणि न विचारता चाली सांगतात. मुलगा खेळत असला की हेच सल्लागार गप्प असतात. "मुलगी असून छान खेळतेस" हे कौतुक ऐकून ऐकून एक जण कंटाळली होती. पण सर्वांत जास्त वेळा ऐकले ते वेगळेच. मुलगी जिंकली, की तिने काय डाव टाकला ह्याची चर्चा होत नाही. हरलेल्या मुलालाच "मुलीकडून हरला!" म्हणून आठवडाभर चिडवतात. मग तो पुढच्या वेळी तिच्यासमोर बसतच नाही. म्हणजे जी चांगली खेळते, तिलाच खेळायला कोणी उरत नाही. एवढ्या सरळ हिशेबाने आपण आपल्या चांगल्या खेळाडू गमावतो.

काही गोष्टी मात्र लहान नव्हत्या. बाहेरच्या एका स्पर्धेत डाव संपल्यावर एक मोठा माणूस आमच्या विद्यार्थिनीचा मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा मागत राहिला. तक्रार कोणाकडे करायची, हे तिथे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. घरी सांगितले असते तर खेळणेच बंद झाले असते, म्हणून तिने घरीही सांगितले नाही. पालकांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे बुद्धिबळाला माझ्या तोंडी आधी 'शतरंज'च येते. पण ह्या खेळात मराठी मुलींचे नाव जुने आहे. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ मध्ये शाळकरी वयात थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांना द्यावा लागला. पुढे १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणी आशियाई विजेती झाली.

दार असे उघडले, पण आतली वागणूक काही एका निर्णयाने बदलली नाही. नागपूरची दिव्या देशमुख (आम्हा इंदूरकरांपैकी निम्म्यांचे आजोळ नागपूरच!) जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील मोठी स्पर्धा खेळून आली आणि तिने जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस आणि उच्चार ह्यांवरच बोलत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये तिने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती, म्हणजे दोन्ही खुर्च्यांवर भारतीय! त्या विजयाने दिव्या ग्रँडमास्टर झाली. हा किताब पुरुष आणि महिला दोघांसाठी एकच आहे. महिलांसाठीचे किताब निराळे असतात.

काही पालकांनी सुचवले, की मुलींसाठी खेळघराचा वेगळा दिवस ठेवा. मला हे पटत नाही. मुलींचे वेगळे बक्षीस जरूर असावे, त्याने उत्साह येतो. पण वेगळा दिवस ठेवला की मुलांना काहीच बदलावे लागत नाही आणि मुलींचे सामने निम्मे होतात.

त्याऐवजी आम्ही हे सुरू केले आहे. जोड्या आता चिठ्ठ्या टाकून लागतात, समोर कोण हवे-नको हे विचारले जात नाही. चालू डावात प्रेक्षकाने बोलायचे नाही, हा बुद्धिबळाचा मूळचाच नियम आहे. तो आता खरोखर पाळला जातो. "मुलीकडून हरला" म्हणणाऱ्याने पुढचा डाव त्याच मुलीशी सर्वांसमोर खेळायचा. (ह्या नियमाने आतापर्यंत तिघांची बोलती बंद झाली आहे!)

डिसेंबरात आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धा आहे. शेवटची फेरी सायंकाळी पाचच्या आत संपेल. तक्रार ऐकायला एक शिक्षिका दिवसभर सभागृहाच्या दारापाशी बसतील, आणि त्यांचे नाव प्रत्येक टेबलावर लिहिलेले असेल. आई-वडिलांनी मुलीला एकच आश्वासन देऊन पाठवावे: काही सांगितलेस तर तुझा खेळ बंद होणार नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. सभागृहामागचे मुलींचे स्वच्छतागृह रविवारी कुलूपबंद असते आणि किल्ली चौकीदाराकडे. बाहेरगावची मुलगी अनोळखी माणसाकडे किल्ली मागायला जात नाही, दिवसभर पाणीच पीत नाही. त्या दिवशी कुलूप लागू नये, एवढी व्यवस्था व्हावी.