निळ्या जिभा

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यातलं निम्मं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो. जास्वंदीचा रस लिंबाने गुलाबी आणि खायच्या सोड्याने हिरवट होतो. एकोणीस वर्षं हे शिकवतोय. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला त्या एकोणीस वर्षांचा काडीचा उपयोग झाला नाही.

सुरुवात झाली पालक सभेत. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने बुढ्ढी के बालवर बंदी घातली होती. मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत बुढ्ढी के बाल आणि गोबी मंच्युरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. नमुन्यांमध्ये रोडामाइन-बी सापडलं होतं. तो कापड रंगवायचा रंग, खाण्यात अजिबात चालत नाही. जूनच्या सभेत मी यावर पंधरा मिनिटं बोललो, आणि बोलण्याच्या भरात रोडामाइन-बी आणि दुकानात मिळणारे साधे खाद्यरंग यांची एकच मोट बांधली. आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे, हे मला ठाऊक होतं. पण ‘परवानगी आहे, ठरावीक प्रमाणात’ असं म्हटलं की सभा जांभया देते, आणि ‘विष’ म्हटलं की माना डोलतात. मी विष म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या नशेत मी जाहीर केलं, की माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक मी स्वतः घरी करणार आणि त्यात फक्त फुलापानांचे रंग घालणार. हे मला कुणीही विचारलेलं नव्हतं.

घरी येऊन लेकीला विचारलं, केक कशाचा हवा? ती म्हणाली, डोरेमॉन.

आता डोरेमॉन म्हणजे नखशिखांत निळा. तोंड-पोट पांढरं, नाक आणि गळपट्टा लाल, घंटा पिवळी, पण बाकी सगळा निळा. छोटा भीम म्हणाली असती तर गाजर आणि केशरात भागलं असतं. आपल्या ताटाकडे एकदा नीट बघा. हिरवं आहे, पिवळं आहे, लाल, तपकिरी, आमसुली आहे. निळं काय आहे? जांभळालासुद्धा आपण जांभळंच म्हणतो. निसर्गात निळा खाण्याजोगा रंग मिळतो तो बहुतेक अँथोसायानिन जातीचा, आणि हा वर्ग भलताच हळवा. आंबट लागलं की लालसर होतो, सोडा लागला की हिरवट. मधल्या अरुंद पट्ट्यातच काय तो निळा राहतो. हेही मी शिकवतो.

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. आमच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. आईने लावलेला, शंकराला वाहायला. श्रावणात नुसता लगडतो. मलेशियात या फुलांनी भात निळा करतात, नासी केराबू म्हणतात त्याला, हे मी वाचलेलं होतं. भात निळा होतो तर केक का नाही होणार?

वाढदिवस श्रावणातल्या सोमवारी होता. घरात अंडं चालणार नव्हतं, म्हणून दही आणि सोड्याचा केक ठरला. रविवारी संध्याकाळी भाजायला घेतला. आतला भाग छान पिवळा दिसावा म्हणून चमचाभर हळद घातली. मग वाटलं, केक चांगला फुगायला हवा, म्हणून सोडा अर्धा चमचा जास्त. चाळला नाही, तसाच ढवळला. पाऊण तासाने ओव्हन उघडला तर पिवळ्या केकवर विटकरी लाल चट्टे. जिथे जिथे सोड्याची गुठळी राहिली होती तिथे तिथे डाग. केकला गोवर आल्यासारखा दिसत होता.

आई जपाची माळ घेऊन ओट्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “हळदीत चुना घातला की कुंकू होतं रे. तुम्ही शाळेत शिकवता ना?”

मी म्हटलं, वरून क्रीम येणार आहे, कोण बघतंय. त्या दोन दिवसांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं याचा हिशेब ठेवलेला नाही.

सोमवारी पहाटे वेल ओरबाडला. साठेक फुलं निघाली, एकही ठेवलं नाही. हिरवे देठ काढून पाकळ्या कपभर गरम पाण्यात टाकल्या आणि दहा मिनिटांत पाणी असं निळं झालं की मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. शाईच्या दौतीसारखं गडद, काठाशी किंचित जांभळी झाक. आयुष्यात इतका सुंदर रंग मी स्वतःच्या हाताने काढला नव्हता. तेवढ्यात आई फुलांची परडी घेऊन अंगणात गेली आणि रिकामी परडी घेऊन परत आली. काही बोलली नाही. त्या दिवशी शंकराला नुसता बेल वाहिला.

शाळा श्रावणी सोमवारमुळे अर्धीच होती. दुपारी एकला घरी आलो आणि आयसिंगला बसलो. विकतच्या क्रीममध्ये काय काय असतं यावरही मी सभेत बोललो होतो, त्यामुळे क्रीमच्या जागी श्रीखंडाचा चक्का घेतला होता. रात्रभर टांगलेला, घट्ट. पिठीसाखर घातली. चव जरा सपक वाटली म्हणून एक अख्खं लिंबू पिळलं. आणि मग त्यावर ते दौतीसारखं पाणी ओतलं.

चमचा दोनदा फिरला आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्याचं जांभळं झालं. वांग्याचं साल असतं ना, तसं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी शिक्षक ना! आम्ल झालंय, तर उदासिनीकरण करू. चिमूटभर सोडा टाकला, रंग जरा निळ्याकडे सरकला. हुरूप आला. आणखी टाकला. चक्का फसफसायला लागला, पातेल्याच्या काठापर्यंत आला, आणि खाली बसला तेव्हा त्याचा रंग पावसाळी डबक्यासारखा हिरवट राखाडी झालेला होता. बोट लावून चाटलं. खारट, आणि मागून कपड्याच्या साबणासारखं काहीतरी. अर्धा किलो चक्का मोरीत गेला.

लेक हे सगळं स्टुलावर बसून बघत होती. ती म्हणाली, “बाबा, पिवळा कर ना. डोरेमॉन आधी पिवळाच होता.”

तिचं खरं होतं. गोष्टीत डोरेमॉन मुळात पिवळा असतो, त्याला कानही असतात. उंदराने कान कुरतडले आणि त्या दुःखात त्याचा पिवळा रंग गेला, म्हणून तो निळा. तो उंदरांना घाबरतो तेही त्यामुळेच. १९६९ च्या अखेरीस जपानी मासिकांतून पहिल्यांदा आलेल्या या मांजराची जन्मकथा माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तोंडपाठ होती. केशर घरात होतं. फ्रीझरमध्ये हापूसचा रस होता. वीस मिनिटांचं काम.

मी म्हटलं, “पिवळा डोरेमॉन कुणी ओळखणार नाही.”

हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. ज्या बारा मुलांना बोलावलं होतं ती सगळी ओळखतील हे मला माहीत होतं. ओळखणार नव्हते ते त्यांचे आईबाप, ज्यांच्यासमोर मी भाषण ठोकलं होतं. आणि पिवळा काय, कुणीही करेल. मला निळाच करून दाखवायचा होता. केक कुणाचा होता हे त्या क्षणी मी साफ विसरलो होतो. ती स्टुलावरून उतरली आणि टीव्ही लावून बसली.

अडीच वाजता बायको बँकेतून जेवणाच्या सुट्टीत आली, तिने मुकाट्याने विकतच्या क्रीमचा डबा आणून ठेवला. (ती अशा वेळी बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.) ते क्रीम आंबट नसतं, त्यामुळे उरलेल्या फुलांच्या पाण्याने रंग निळा राहिला खरा, पण इतका फिका, की ते नुसतं मळकं पांढरं वाटत होतं. गडद करायला आणखी पाणी घातलं तर क्रीम बसायला लागलं. फुलांचं पाणी आटवून पाक करायला हवा होता, किंवा फुलं वाळवून पूड. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी घड्याळात सव्वातीन वाजले होते आणि पाहुणे साडेपाचला येणार होते.

मी स्कूटर काढली. केकच्या सामानाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तिथे गेलो नाही. दुसऱ्या पेठेतल्या दुकानात गेलो आणि हेल्मेट काढलं नाही.

“खायचा रंग. निळा.”

“आकाशी देऊ का रॉयल?”

पालक सभेत विष म्हटलेल्या वस्तूच्या छटा मी काउंटरवर तीन मिनिटं निवडत होतो. आकाशी घेतला. घरी येऊन पाच थेंब टाकले. मग आणखी दोन. मग मोजले नाहीत. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने द्रावण असं न मोजता ओतलं असतं तर मी त्याला बाहेर उभा केला असता. निळा मात्र असा आला की काय सांगू! टीव्हीवरचा डोरेमॉन. बाटली स्कूटरच्या डिकीत लपवली.

नाक आणि गळपट्ट्यासाठी बिटाचा रस घट्ट करून ठेवलेला होता, तो लावला. तेवढं एक तरी खरं नैसर्गिक राहावं. साडेपाचपर्यंत बीट पांढऱ्या क्रीममध्ये पाझरलं. नाकातून एक ओघळ थेट तोंडापर्यंत. डोरेमॉनचा घोळणा फुटल्यासारखा दिसत होता. मुलांना ते भयंकर आवडलं. केक कापल्यावर आतले लाल चट्टे बघून एक जण ओरडला, “आतून पण रक्त!” आणि मग त्याच तुकड्यांसाठी मारामारी झाली. मोठी माणसं मात्र निळ्याकडे बघत होती.

“सर, हा गोकर्णाचा?”

“गोकर्णाचा.”

तोंडातून शब्द किती सहज गेला. दुपारभर त्याची तालीम केल्यासारखा. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा उपास दिवेलागणीला सुटायचा होता, पण उपास सोडल्यावरही तिने केक घेतला नाही. गोड नको म्हणाली.

निघताना मुलांचा फोटो काढला. कुणीतरी म्हणालं, जिभा दाखवा. बारा जिभा बाहेर आल्या, बाराही निळ्या. बायकोने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “गोकर्णाने जीभ इतकी रंगते?” आणि उत्तराची वाट न बघता ती कागदी डिश गोळा करायला निघून गेली. माझी उजव्या हाताची दोन बोटंसुद्धा निळी होती. ती गुरुवारपर्यंत निळीच राहिली. आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, शाई सांडली?” मी म्हटलं, हो.

इथवर झालं ते एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही.

शेजारच्या इमारतीतल्या एका वहिनींनी त्या संध्याकाळी माझ्याकडून सगळी कृती वहीत उतरवून घेतली होती. किती फुलं, किती पाणी, किती वेळ. मी सांगितली. फुलं, पाणी, वेळ सगळं खरं होतं, फक्त डिकीतली बाटली वगळून. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा वाढदिवस. आदल्या रात्री साडेदहाला फोन आला.

“सर, माझा तर राखाडीच होतोय. काय चुकतंय?”

मी म्हणालो, “पाणी जास्त झालं असेल.”

“तुम्ही म्हणालात तेवढंच घातलं.”

“मग फुलं शिळी असतील.”

“सकाळी तोडलीत. आमच्या सासूबाई त्या फुलांवरून बोलल्यासुद्धा.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “माझ्याच हाताला गुण नाही बघा. कुकरी क्लासलाही हेच व्हायचं.”

आता सांग, असं मनाने दोनदा बजावलं. मी म्हणालो, “परत करून बघा, जमेल.” आणि फोन ठेवला. त्या रात्री त्यांनी परत केला असणार. क्रीमचा डबा काही स्वस्त येत नाही.

दोन दिवस डोक्यातून ते ‘हाताला गुण नाही’ जाईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डिकीतली बाटली शर्टाच्या खिशात घातली आणि त्यांच्याकडे गेलो. वाक्य ठरवलेलं होतं, ‘वहिनी, तुमचं काही चुकलं नव्हतं.’ त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा टाकला, आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाइल पुढे केला.

“बघा सर! तिसऱ्या वेळी जमला. अगदी तुमच्यासारखा!”

फोटोत त्यांचा मुलगा होता आणि त्याच्यासमोर डोरेमॉन. त्यांचा माझ्यापेक्षा सुबक होता, मिशा एकसारख्या, नाकही न पाझरलेलं. आणि रंग तोच. झाक तीच, चमक तीच. तो निळा मी काउंटरवर तीन मिनिटं निरखला होता, दुसऱ्या कशाशी माझी गफलत होणं शक्य नव्हतं.

“गोकर्णाचाच ना?” मी विचारलं.

“गोकर्णाचाच,” त्या म्हणाल्या, आणि बशी पुढे सरकवली.

कप धरलेल्या त्यांच्या बोटांच्या पेरांवर निळसर डाग होते. मी बाटलीच्या खिशावर हात ठेवून चहा संपवला आणि घरी आलो.